जुन्या खेळाचे नवे घड्याळ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कळवणला आमच्या प्रयोगशाळेत अकरावीचा एक विद्यार्थी आला. 'स्पेस इनव्हेडर्स' हा जुना खेळ त्याने स्वतः नव्याने लिहिला होता. परग्रहवासीयांच्या रांगा डावी-उजवीकडे सरकत खाली उतरतात, आणि खालच्या तोफेने त्यांना टिपायचे, एवढाच खेळ. चित्रे छान जमली होती. पण कळ दाबताच सगळी फौज पापणी लवायच्या आत तळाशी येऊन पोचली!

"सर, यात खेळायचे केव्हा?"

मी म्हटले, "दोन पावलांच्या मध्ये संगणकाला उगाच एक ते दहा लाख मोजायला लाव." तसे केल्यावर फौज शहाण्यासारखी चालू लागली. दुसऱ्या दिवशी त्याने तोच खेळ चुलतभावाच्या नव्या लॅपटॉपवर लावला, आणि फौज पुन्हा धावत सुटली. नव्या यंत्राची मोजणी लवकर संपत होती, दुसरे काय! माझा उपाय चुकला होता. आणि ही चूक माझ्या एकट्याची नव्हे बरे का. १९८० च्या दशकात अनेक संगणकांना 'टर्बो' नावाचे बटण असे. जुने खेळ नव्या यंत्रावर खेळता यावेत म्हणून यंत्राचा वेग मुद्दाम कमी करण्याची ती सोय होती.

आता मूळ खेळाकडे वळू. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी तो तयार केला. त्याचे यंत्रही त्यांनीच जुळवले. आत इंटेल ८०८० हा प्रोसेसर होता. त्याचे ठोके सेकंदाला वीस लाख. पडद्यावर २५६ × २२४, म्हणजे ५७,३४४ चित्रबिंदू. प्रत्येक बिंदू एक तर पेटलेला, नाही तर विझलेला, म्हणून एका बिंदूला एक बिट पुरे. आठ बिटांचा एक बाइट होतो. भागून पाहा: ७,१६८ बाइट, म्हणजे बरोबर ७ किलोबाइट. आपल्या फोनवरचा एक फोटो याच्या शेकडो पट जागा खातो!

एवढ्याशा यंत्राला ५५ परग्रहवासी एकदम हलवणे झेपणारे नव्हते. म्हणून पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा उमटे, त्या प्रत्येक ठोक्याला एकच परग्रहवासी एक पाऊल सरके. पुढच्या ठोक्याला त्याच्या शेजारचा. पंगतीत वाढपी एकच असला म्हणजे जसे होते तसेच हे. पानावर ५५ जण बसले असतील तर तुमच्याकडे भात पुन्हा यायला वेळ लागतो. पंगतीतले लोक उठत गेले की वाढपी लवकर लवकर फिरून येतो. त्याचा वेग मात्र तोच!

हिशेब करा. ५५ जण असताना प्रत्येकाची पाळी ५५/६० म्हणजे सुमारे ०.९ सेकंदाने येते. दहा उरले की १/६ सेकंदाने. आणि शेवटचा एकटा उरला की तो सेकंदाला ६० पावले टाकतो. खेळणाऱ्याला वाटते, शत्रू घाबरून धावतो आहे. निशिकादो यांच्या हे लक्षात आले तेव्हा त्यांनी ते दुरुस्त केले नाही, तसेच राहू दिले. यंत्राची दुर्बलता हाच खेळातला थरार ठरला.

आमच्या विद्यार्थ्याचा संगणक मात्र ५५ जणांना एकाच ठोक्यात वाढून मोकळा होत होता, आणि ठोकेही त्याला हवे तितके मारत होता. जुना खेळ नव्या यंत्रावर आणायचा म्हणजे नुसती चित्रे सुधारायची नसतात. जुन्या यंत्रात न लिहिलेले जे घड्याळ दडलेले होते, ते शोधून लिहून काढावे लागते.

ते कसे लिहायचे? तुमच्या पुस्तकातले सूत्र आठवा: विस्थापन = वेग × काल. 'दर चित्राला एक बिंदू सरक' असे न सांगता 'तुझा वेग सेकंदाला ६० बिंदू' असे सांगायचे आणि मागच्या चित्रापासून किती वेळ गेला तो मोजायचा. सेकंदाला ६० चित्रे असतील तर दर चित्राला एक बिंदू. प्लेस्टेशन ५ सारख्या यंत्रावर १२० चित्रे असतील तर अर्धा बिंदू. सेकंदाअखेर दोन्हीकडे अंतर ६० बिंदूच.

पण यातही खोच आहे. समजा, गोळीचा वेग सेकंदाला २४० बिंदू आहे आणि शत्रूची उंची ८ बिंदू. यंत्र दमले आणि सेकंदाला २० च चित्रे निघू लागली, तर गोळी दर वेळी १२ बिंदू उडी मारते. ती शत्रूच्या खाली दिसेल, मग एकदम वर दिसेल, आणि शत्रू जिवंतच! म्हणून हिशेबाचा ठोका ठराविक ठेवतात आणि चित्राचा ठोका त्याहून वेगळा.

पुण्या-मुंबईच्या लोकांनीही असे काम अंगावर घेतले होते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा २००३ सालचा खेळ नव्याने करण्याचे काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, जानेवारी २०२१ मध्ये खेळ यायचा होता. झलक पाहून चित्रांवर बरीच टीका झाली, तारखा पुढे गेल्या. मे २०२२ मध्ये काम मूळ खेळाच्या गावी, कॅनडातील माँट्रियलला गेले, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने ते सोडूनच दिले. नावे ठेवणे सोपे असते. या खेळात तर राजपुत्र काळ उलटा फिरवतो! असे काही लिहायचे तर प्रत्येक ठोक्याला कोण कुठे होते याची नोंद ठेवावी लागते. सेकंदाला ३० नोंदी आणि दहा सेकंदांची आठवण धरली तर ३०० घरे. ३०१ वी नोंद पहिल्या घरातली पुसून तिथे लिहायची. यात ठोका चुकला की भूतकाळही चुकला.

काही वेळा प्रश्न घड्याळाचा नसतो, नियमाचा असतो. १९६२ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. मध्यभागी तारा, आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाने ओढली जाणारी दोन याने. पण यानांतून सुटणाऱ्या अस्त्रांवर मात्र ताऱ्याचा काही परिणाम नाही, ती सरळ जातात! तेवढी गणिते करायला संगणकाला वेळच उरत नव्हता. आज ती गणिते क्षणार्धात होतील. मग नव्या खेळात अस्त्रे वाकवायची का? भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून मी 'हो' म्हणेन. पण ती वाकली की नेम धरण्याची सारी रीत बदलते, आणि जुन्या खेळाडूला तो आपला खेळ वाटणार नाही.

आमच्या विद्यार्थ्याने 'स्पेस इनव्हेडर्स'पुरता निर्णय घेतला. त्याने ६० चा ठोका ठेवला आणि दर ठोक्याला एकच परग्रहवासी हलवला. मग प्रयोगशाळेतला जुना संगणक आणि चुलतभावाचा लॅपटॉप शेजारी मांडून, हातात थांबते घड्याळ घेऊन आम्ही दोन्हीकडची पहिली रांग कडेपर्यंत जाऊ दिली. वेळ सारखाच आला. तुमच्याकडे संगणक नसेल तर आलेखाच्या कागदावर ११ स्तंभ आणि ५ ओळींत ५५ मणी मांडा, मित्राला ठोके द्यायला सांगा, आणि दर ठोक्याला एकच मणी सरकवा. मणी काढत जा आणि एका फेरीला किती ठोके लागतात ते लिहून ठेवा.