आजोबांचे पाऊणपट गणित

मुलांनो, भरती-ओहोटीचा पाठ आपण परवाच वर्गात वाचला. आज मी तुम्हाला, हाच पाठ मला ज्यांनी पहिल्यांदा शिकवला त्यांची गोष्ट सांगणार आहे. ते म्हणजे माझे आजोबा. ते शाळेची पायरी कधी चढले नाहीत. सही करायची झाली तर अंगठा उठवीत. पण खाडीचे पाणी किती वाजता चढेल नि किती वाजता उतरेल, हे ते बसल्या जागी बोटांवर मोजून सांगत.

आमचे गाव धरमतर खाडीच्या काठी. अंबा नदी या खाडीला मिळते आणि खाडी पुढे मुंबई बंदराच्या पाण्यात जाते. गावाची शेती खारजमिनीची. खारजमीन म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यातून राखलेली जमीन. बांधाच्या एका अंगाला खारे पाणी, दुसऱ्या अंगाला भात. बांधात एक दार असते, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की शेतातले पावसाचे जादा पाणी उघाडीतून बाहेर पडते. भरती आली की दार मिटते, खारे पाणी आत येत नाही.

ही जमीन आमच्या लोकांना फुकट मिळालेली नाही. आमच्याच जिल्ह्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेतकऱ्यांचा संप झाला. आजोबा तेव्हा तुमच्याएवढे होते. पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. आजोबांच्या नावावर अडीच एकर लागले. सातबाराचा कागद ते पत्र्याच्या डब्यात, देव्हाऱ्याशेजारी ठेवीत.

पावसाळ्यात आजोबा शेतकरी आणि पावसाळा सरला की होडीवाले. होडी सोळा हात लांब, सागाची. पेंढा, भाजीपाला, कौले असा माल ते रेवसच्या बाजूला नेत. परत येताना आम्हा नातवंडांसाठी चणे-कुरमुऱ्यांची पुडी असायचीच. आजीसाठी कधी बांगड्या, कधी सुपारी. खाडीत जिताडा गावला तर चांगला तुकडा आधी आजीच्या ताटात पडे. स्वतः कालवणावर भागवीत. जेवताना एखादे पोर दिसले नाही, तर हाक मारून आणल्याशिवाय ते घास घेत नसत.

एकदा बांधावर बसलो असता मी विचारले, “आजोबा, तुम्हाला पाण्याची वेळ कशी काय कळते?”

ते म्हणाले, “सोपा हाय रे. आज तिथी कुठली? चौथ. चाराची पाऊणपट कर.”

“तीन.”

“झाला. तीनला भरती. आठ तिथीला सहा. दुपारी तीच नि रातीला तीच.”

मुलांनो, हे गणित नीट समजून घ्या. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. हे आपल्या मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याचे ढोबळ गणित आहे. खाडीत आत जावे तशी भरतीला थोडी उशिराच लागते. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि आणखी तेवढ्याच वेळाने दुसरी भरती.

हे असे का होते? भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे येते. पृथ्वी एक फेरी पुरी करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटे लागतात. म्हणून भरती रोज तेवढी मागे पडते. आजोबांचा पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. पुस्तकाच्या किती जवळ आले बघा! अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात व दोघांची ओढ एक होते. तेव्हा पाणी फार चढते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते, तो भांग.

आता मुख्य गोष्ट. मी चौथीत होतो. नारळी पौर्णिमा झाली होती. आजोबांनी होडीच्या फटी बुजवून, तेल चोपडून ती तयार ठेवली होती. श्रावण वद्य द्वितीयेला पहिली खेप न्यायची होती. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतरही एक-दोन दिवस राहतो. त्या रात्री दीडच्या भरतीला पाऊस नि वारा दोन्ही आले आणि बांधाला खांड गेली. गावात एकच ओरडा झाला. सगळे कंदील घेऊन धावले. भात गुडघाभर आलेले, त्यात खारे पाणी घुसत होते.

आजोबांनी बोटे मोजली. “पावणेआठला पुरी ओहोटी. दुपारी दोनला परत भरती. त्याच्या आत खांड बुजली पायजे.”

पहाटे पाणी उतरू लागले तशी माणसे खांडीत उतरली. बांबू ठोकले, पेंढ्याच्या जुड्या लावल्या, चिखलाचे गठ्ठे हातोहात आले. मीही दिले. पण साडेदहा झाले तरी मधला दहा-बारा हातांचा भाग धरेना. पाणी परत चढू लागले. टाकलेला चिखल वाहून जाऊ लागला.

आजोबा काही बोलले नाहीत. बांधाच्या पायथ्याशी पाणी आले होते, त्यावर त्यांनी आपली होडी ओढून आणली. प्रवाहाने ती खांडीत आडवी बसली, बांबूंना टेकली. मग ते म्हणाले, “भरा चिखल.” कोणी पुढे होईना. तेव्हा पहिला गठ्ठा त्यांनीच टाकला. दुपारी दोनला भरती आली, पण बांधाच्या बाहेरच राहिली.

आजी रडली. तिला ते म्हणाले, “होडी परत बांधता येल. जमीन खारली तर दोन-तीन पावसाळं तिचा खार धुण्यात जातील. तवर पोरांना काय घालशील?”

त्या वर्षी खालच्या अंगाचे भात गेले, वरचे वाचले. होडी मात्र परत झाली नाही. पुढची कितीतरी वर्षे आजोबांनी दुसऱ्याच्या होडीवर वल्हे मारले. बांधावरून जाताना त्या जागी ते चप्पल काढीत. आम्ही कारण कधी विचारले नाही.

आता आजोबा नाहीत. बांधावर मातीचा नवा भराव पडला आहे. त्याखाली ती होडी अजून आहे. त्या जागी गेलो की मीही चप्पल काढतो.

करून पाहा :
१. आजची तिथी दिनदर्शिकेत पाहा. भरतीची वेळ काढा व खाडीवर जाऊन ताडा.
२. वद्य षष्ठीला भरती किती वाजता येईल? ओहोटी किती वाजता?
३. आपल्या आजी-आजोबांना येणारे एक गणित विचारून वहीत लिहून आणा.