‘माझ्याच वाट्याला का?’ या प्रश्नाच्या पुढे

या महिन्याचा पाठ. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा आणि मग शेवटच्या प्रश्नांवर बोलावं.

तायांनो,

बैठकीत बचत जमा होते, हप्ते भरले जातात, इतिवृत्त लिहून होतं. वही मिटली की खरं बोलणं निघतं. कुणाचा धनी अचानक गेला, कुणाचा कापूस बोंडअळीनं खाल्ला, कुणाचं लेकरू अंथरुणाला खिळलंय. मग कुणीतरी हळूच म्हणतं, “देवानं हे माझ्याच वाट्याला का दिलं?”

आपण काय उत्तर देतो? “नशीब एकेकीचं,” नाहीतर “मागच्या जन्मीचे भोग.” मनात वाईट नसतं आपल्या, पण या बोलण्यानं धीर येत नाही. दुःख झालं ते झालंच, वर दोषही तिच्याच माथी बसतो. म्हणून आज या प्रश्नाकडे जरा वेगळं बघू. मनाच्या एका डॉक्टरांनी स्वतः फार सोसून एक वाट शोधली होती. आधी त्यांची हकिकत ऐकू.

डॉक्टर फ्रँकल यांची हकिकत

युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे. त्याच्या राजधानीत, व्हिएन्ना शहरात, 1905 साली व्हिक्टर फ्रँकल यांचा जन्म झाला. ते मनोविकारांचे डॉक्टर होते आणि धर्माने ज्यू. त्या काळात जर्मनीत हिटलरची सत्ता होती. 1938 मध्ये त्याने ऑस्ट्रियाही घेतला. ज्यूंना पकडून छळछावण्यांत कोंडायला सुरुवात झाली.

फ्रँकल यांना अमेरिकेला जायची परवानगी मिळाली होती. पण मग म्हाताऱ्या आईवडिलांना कुणाच्या भरवशावर सोडायचं? त्याच दिवसांत वडिलांनी घरी संगमरवराचा एक तुकडा आणून ठेवला होता. ज्यूंचं जे प्रार्थनामंदिर नाझींनी जाळलं होतं, तिथला तो तुकडा. त्यावर एक अक्षर कोरलेलं होतं. ते धर्मातल्या कोणत्या आज्ञेतलं, असं फ्रँकल यांनी विचारलं. वडील म्हणाले, आईबापाचा मान राखावा, या आज्ञेतलं. फ्रँकल यांनी जाणं रद्द केलं.

1942 मध्ये त्यांना, बायकोला आणि आईवडिलांना छावणीत नेलं. वडील तिथंच गेले. आईला आणि भावाला मारण्यात आलं. तरुण बायको दुसऱ्या छावणीत वारली, ते त्यांना सुटका झाल्यावरच कळलं. ते स्वतः चार छावण्यांतून गेले. ऑशविट्झला पोचल्यावर अंगावरचे कपडे काढून घेतले गेले. त्यांच्या पुस्तकाचं हस्तलिखित कोटात दडवलेलं होतं, तेही त्यासोबत गेलं. पुढे टायफसच्या तापात पडल्या पडल्या मिळतील त्या कागदाच्या चिठोऱ्यांवर ते पुस्तकाचे मुद्दे पुन्हा लिहीत राहिले. हे पुस्तक पुरं करायचंय, या विचारानं आपण तगलो, असं त्यांनी नंतर सांगितलं. एप्रिल 1945 मध्ये त्यांची सुटका झाली.

त्यांनी प्रश्नच उलटा केला

छावणीतल्या दोन माणसांनी जीव द्यायचं ठरवलं होतं. दोघांचं म्हणणं एकच, की आता आयुष्याकडून आपल्याला काही मिळायचं नाही. फ्रँकल यांनी त्यांना उपदेश केला नाही. तुमच्यावाचून कुणाचं किंवा कशाचं अडलंय, याचा शोध त्यांनी त्यांच्याबरोबर घेतला. एकाचं लाडकं मूल परदेशात बापाची वाट बघत होतं. दुसरा शास्त्रज्ञ होता, त्याची पुस्तकं अर्धवट राहिली होती आणि ती त्याच्याशिवाय कुणालाच पुरी करता आली नसती.

‘आयुष्यानं मला काय दिलं?’ हा झाला एक प्रश्न. ‘आयुष्य आता माझ्याकडून काय मागतंय?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नात माणूस फिरून फिरून तिथंच येतो, घाण्याच्या बैलासारखा. दुसऱ्यात पुढचं पाऊल दिसतं. लांबचं नाही दिसत, पण उद्या सकाळपुरतं दिसतं. मोडलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ असतं.

अर्थ सापडण्याच्या तीन वाटा

फ्रँकल सांगतात, जगण्याला अर्थ तीन वाटांनी येतो.

पहिली वाट कामाची. आपल्या हातून काहीतरी उभं राहणं. मग ते शेळीपालन असो, पापडाचा व्यवसाय असो की अंगणवाडीतल्या पोरांना गरम खिचडी वाढणं असो.

दुसरी वाट मायेची. कुणावर तरी जीव लावणं, किंवा चांगलं काही अनुभवणं. नातवाचं बोबडं बोलणं, पहिल्या पावसाचा मातीचा वास, एकादशीचं भजन, सगळं यात आलं.

तिसरी वाट अवघड आहे. जे दुःख टळण्यासारखं नाही, त्याला आपण कसं सामोरं जातो, ती ही वाट. एक वयस्कर डॉक्टर फ्रँकल यांच्याकडे आले. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, दुःख हटत नव्हतं. फ्रँकल यांनी एवढंच विचारलं, “तुम्ही आधी गेला असता तर?” ते म्हणाले, तिला फार सोसावं लागलं असतं. म्हणजे ते सोसणं तिच्या वाट्याचं टळलं होतं आणि ते यांनी उचललं होतं. दुःख कमी झालं नाही, पण त्याला अर्थ मिळाला.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. उत्तर त्या गृहस्थांनी स्वतः दिलं. अर्थ आपला आपण शोधावा लागतो, दुसऱ्याला तो रेशनसारखा वाटता येत नाही. म्हणून दुःखातल्या मैत्रिणीला “यातूनच काहीतरी चांगलं होईल” असं सांगायची घाई करू नका. तिच्याजवळ बसा, तिचं ऐका. वेळ आली की विचारा, “आता तुला कशासाठी उठावंसं वाटतं?”

श्रद्धेची साथ

हे आपल्याला परकं नाही. सुमारे 1630 च्या मोठ्या दुष्काळात देहूच्या तुकोबांची थोरली बायको अन्नावाचून गेली, धंदा बसला, मानही गेला. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय. त्यानंतर त्यांनी काय केलं? पडलेलं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. घरात सावकारी होती. परंपरा सांगते, की धाकट्या भावाच्या वाट्याची खतं त्याला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. स्वतः भूक बघितलेल्या माणसानं दुसऱ्याच्या गळ्याचा फास सैल केला. कर्जाच्या कागदाचं ओझं काय असतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको!

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी बघा. ऐन तिशीत वैधव्य आलं. लिहिता वाचता येत नव्हतं. घरोट्यावर दळताना, शेतात राबताना त्या ओव्या रचत गेल्या. देव त्यांना मातीत, बियाण्यात, रोजच्या कामात दिसला. मुलानं, सोपानदेवांनी, ती गाणी टिपून ठेवली. 1951 मध्ये त्या गेल्या आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. आज त्या ओव्या शाळेतली मुलं शिकतात.

दोघांनाही श्रद्धेनं दुःखातून सूट दिली नाही, पण दुःखात हात रिकामे राहू दिले नाहीत. श्रद्धा माणसाला उठवून कामाला लावते तेव्हा ती बळ देते. “पापाची फळं आहेत, गप भोग” असं सांगून जी खाली बसवते, तिला श्रद्धा कशाला म्हणायचं?

सोसायचं काय आणि थांबवायचं काय?

हा या पाठाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. फ्रँकल यांनी स्पष्ट सांगितलंय, की जे दुःख टाळता येतं ते आधी टाळावं. विनाकारण सोसण्यात मोठेपणा नाही. म्हणून दुःखाचे दोन ढीग करा, धान्य निवडतो तसे.

मरण, कायमचं अपंगत्व, गेलेला हंगाम, हे परत फिरत नाही. तिथं तिसरी वाट.

नवऱ्याची मारहाण, सावकाराचं व्याज, सासरी होणारा छळ, उपचाराविना अंगावर काढलेलं दुखणं, हे थांबवता येतं. तिथं “अर्थ शोध” म्हणणं म्हणजे तिला पुन्हा गप बसवणं. मारहाण होत असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला 112 आहे आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. व्याजात अडकली असेल तर गटात बोलावं, ग्रामसंघापुढे विषय ठेवावा.

आणखी एक. झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर तो आजार असू शकतो. त्याला औषध आहे, समुपदेशन आहे. मरणाचा विषय बोलण्यात आला तर एक दिवसही थांबू नका. तिला एकटं सोडू नका, आशाताईला कळवा, सरकारी दवाखान्यात न्या. टेलिमानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावरचा विश्वास कमी होणं नव्हे.

बैठकीत बोलायचे प्रश्न

1. या आठवड्यात माझ्यावाचून कुणाचं किंवा कशाचं अडलं असतं? प्रत्येकीने एकच गोष्ट सांगावी. “कुणाचंच नाही” असं जी म्हणेल, तिच्याबद्दल दुसरीनं सांगावं.

2. माझ्या दुःखांतलं टळणारं कोणतं, न टळणारं कोणतं? ज्वारीचे दाणे घेऊन दोन ढीग मांडा. मोठ्यानं सांगायची सक्ती नाही.

3. टळणाऱ्या ढिगातल्या एका गोष्टीसाठी गट काय करू शकतो? ठरलं ते इतिवृत्तात लिहा, म्हणजे पुढच्या बैठकीत विचारता येईल. घरातलं नाजूक प्रकरण असेल तर नाव लिहू नका.

4. बैठकीला दोनदा न आलेली मैत्रीण कोण? तिच्याकडे उद्याच दोघींनी जायचं. हप्त्याचं नाव काढायचं नाही, नुसतं बसून यायचं.