अरण्यवास आणि निसर्गलेखकाची दृष्टी

अरण्य पाहणे आणि अरण्यात राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रवासी एखाद्या सकाळी वनात शिरतो, वाघाचे किंवा गव्याचे क्षणभर दर्शन घडले तर कृतार्थ होतो आणि सायंकाळी परततो. त्याच्या हाती एक प्रसंग लागतो. तेथे वर्षानुवर्षे राहणाऱ्याच्या हाती मात्र क्रम लागतो. कोणते झाड कधी फुलते, कोणता पक्षी कोणत्या वाऱ्याबरोबर येतो आणि कोणत्या वर्षी तो येत नाही, हे त्यालाच कळते. निसर्गलेखनाचा पाया हा क्रम होय.

अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो १८४५ ते १८४७ या काळात वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहिला. या वास्तव्यावरील त्याचा ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे दुर्गा भागवत यांनी तो ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणला. थोरोचा वनवास हा हेतुपूर्वक केलेला प्रयोग होता. मारुती चितमपल्ली यांना अरण्यात नेले ते नोकरीने. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले चितमपल्ली कोइमतूर येथे वनशास्त्राचे शिक्षण घेऊन महाराष्ट्राच्या वनखात्यात रुजू झाले. ते १९९० साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या आयुष्याची तीन दशकांहून अधिक वर्षे वनांच्या सहवासात गेली होती. त्या सहवासातील नवेगावबांधचा काळ विशेष फलदायी ठरला.

दुर्गहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग राजनांदगाव व डोंगरगड ओलांडून गोंदियास येतो. वाटेत राज्य बदलते. भूमी फारशी बदलत नाही. भाताची शेते, मोह-पळसाची झाडे आणि गावोगावचे तलाव सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. पूर्वी दुर्ग जिल्ह्यात असलेल्या आणि २०१२ पासून बेमेतरा जिल्ह्यात मोडणाऱ्या गिधवा-परसदा येथील जलाशयांवर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात; तसेच ते नवेगावबांधच्या जलाशयावरही उतरतात. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील या कोहळी शेतकऱ्याने बांधल्याचे सांगतात. डोंगरांमधील खिंडी बांध घालून बुजविल्या आणि पाणी अडविले. मनुष्याने शेतीसाठी केलेली ही रचना कालांतराने पक्ष्यांचे आश्रयस्थान झाली.

या तळ्याकाठी चितमपल्ली यांना दोन प्रकारचे गुरू लाभले. एक ग्रंथांतले, दुसरे पाण्याकाठचे. माधवराव पाटलांसारखे जाणते शेतकरी, मासे धरणारे ढीवर आणि वाटाड्याचे काम करणारे गोंड यांच्याकडून त्यांनी प्राण्यांच्या सवयी व स्थानिक नावे टिपून घेतली. त्याचबरोबर त्यांनी संस्कृतचाही अभ्यास केला. चक्रवाकाची जोडी रात्री विलग होते, हा काव्यातील संकेत सर्वपरिचित आहे. हिवाळ्यात तळ्याकाठी रात्र काढणाऱ्यास त्या संकेतामागील निरीक्षण उमगते : अंधारात चरणारे हे पक्षी एकमेकांना साद घालतात, आणि ती साद दूरवर ऐकू येते. ग्रंथातील विरह आणि पाण्यावरील साद यांची अशी सांगड घालण्यास कित्येक रात्री खर्ची घालाव्या लागतात.

दीर्घ वास्तव्याचे दुसरे फळ म्हणजे शब्द. पावसाळ्याच्या सुमारास बगळे, पाणकावळे आणि करकोचे पाण्याकाठच्या झाडांवर एकत्र घरटी करतात, कारण त्या दिवसांत मासे, बेडूक व गोगलगाई विपुल असतात. पिलांची विष्ठा पाण्यात पडते आणि त्या पाण्याचा कस वाढतो. अशा वसाहतीला चितमपल्ली यांनी ‘सारंगागार’ म्हटले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. शब्द मिळाला की वस्तू दिसू लागते. एरवी केवळ ‘पक्ष्यांचे झाड’ म्हणून तोडले जाणारे झाड सारंगागार म्हणून ओळखले गेले, तर ते तोडण्यापूर्वी कोणीतरी विचार करील.

या विचाराची निकड सारस पक्ष्याकडे पाहिले असता ध्यानी येते. सारस पाणथळीत आणि भाताच्या शेतातही घरटे करतो. बहुधा दोनच अंडी घालतो. महाराष्ट्रात तो आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात, आणि तोही अल्प संख्येने उरला आहे. शेतातील विषारी फवारे, विजेच्या तारा आणि तलावांच्या काठांवरील अतिक्रमण ही त्याच्या ऱ्हासाची कारणे होत. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाच्या आदेशाने यंत्रणा हलते. परंतु शेतातील घरटे प्रथम दिसते ते शेतकऱ्यालाच, आणि ते राखणेही अखेर त्याच्याच हाती असते.

चितमपल्ली यांनी २००६ साली सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या उदाहरणातून मिळणारा बोध साधा आहे. त्यासाठी प्रत्येकाने वनात जाऊन राहण्याची आवश्यकता नाही. गावाबाहेरचे एखादे तळे निवडावे, तेथे सर्व ऋतूंत जावे, तेथील माणसांना पक्ष्यांची नावे विचारावी आणि ती लिहून ठेवावी. काही वर्षांनी त्या वहीत कोण आले याची नोंद असेल. कोण येईनासे झाले, हेही तिच्यावरूनच कळेल.