सूक्ष्मदर्शकास कॅमेरा जोडून भातरोगांची ओळख

वलवण हे लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीतील गाव. गावालगत टाटा जलविद्युत योजनेचे वलवण धरण असून त्याचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहाकडे जाते. हे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात धुके उतरते, भाताची पाने दिवसचे दिवस ओली राहतात आणि बुरशीजन्य रोगांना असे हवामान फार मानवते. लोणावळ्याच्या कृषि संशोधन केंद्रात भाताच्या वाणांची करपा रोगास तोंड देण्याची शक्ती तपासली जाते, याचे कारणही हेच हवामान होय. रोग येथे सहजी येतो, म्हणून वाणाची खरी परीक्षाही येथेच होते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने अडचण अशी की, पान करपले म्हणजे त्यास एकच नाव दिले जाते, ते म्हणजे 'करपा'. प्रत्यक्षात या नावाखाली निरनिराळे रोग दडलेले असतात. खरा करपा बुरशीमुळे होतो; त्याचे ठिपके डोळ्याच्या आकाराचे, दोन्ही टोकांस निमुळते, मध्ये राखी व कडेस तपकिरी असतात. कडा करपा हा जिवाणूंमुळे होतो. त्यात पान शेंड्याकडून व कडेने पिवळसर-पांढरे होत वाळत जाते. तिसरा रोग तपकिरी ठिपक्यांचा. हाही बुरशीजन्यच असला तरी त्याची बुरशी वेगळी असते आणि निकस, अन्नद्रव्यांची उणीव असलेल्या जमिनीत तो विशेष बळावतो.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. खऱ्या करप्यात खाचरातील पाणी आटू दिल्यास रोग वाढतो. म्हणून पाणी बांधून ठेवावे लागते. कडा करप्यात याच्या उलट, खाचरातील पाणी काढून टाकावे लागते. बुरशीनाशकाची फवारणी पहिल्यात उपयोगी पडते, दुसऱ्यात ती व्यर्थ जाते. नत्राचा पुढील हप्ता दोन्हींत थांबविणे हिताचे असते. परंतु तपकिरी ठिपक्यांच्या रोगात उपाशी पिकास अन्न देणे हाच उपायाचा मुख्य भाग ठरतो. पावसाने चार दिवस उघडीप दिली असता शेतकऱ्याने चुकीचे औषध फवारले, तर पैसा जातो आणि ती उघडीपही जाते. पुढे लोंबी निसवताना मानमोडी आली, म्हणजे दाणा भरण्यापूर्वीच मान काळी पडून पळींज हाती येते.

ठिपके जुने झाले, एकमेकांत मिसळले किंवा पान शेंड्याकडून वाळले, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी निदान करणे अनुभवी माणसासही कठीण जाते. अशा वेळी सूक्ष्मदर्शक यंत्र कामास येते. यंत्र पुष्कळ माध्यमिक विद्यालयांत असते. उणीव असते ती पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ सांगणाऱ्या तज्ज्ञाची. पूर्वी पाहणाऱ्याने एक डोळा यंत्रास व एक कागदास लावून आकृती काढावी आणि ती वनस्पतिरोगतज्ज्ञाकडे पाठवावी, अशी रीत होती. आकृती काढणाऱ्याचा हात आणि त्याची समजूत दोन्ही तीत उतरत. आज यंत्रास कॅमेरा जोडला की जे दिसले तेच चित्र तज्ज्ञापर्यंत पोहोचते, गावातील दहा माणसे एकाच वेळी ते पडद्यावर पाहू शकतात आणि पुढील हंगामात ताडून पाहण्यासाठी त्याची नोंद राहते.

कॅमेरा जोडण्याच्या तीन रीती आहेत. सर्वांत स्वस्त रीत म्हणजे मोबाइल फोनचा कॅमेरा नेत्रिकेवर धरणे. दुसरीत नेत्रिका काढून तिच्या जागी लहानसा अंकीय कॅमेरा नळीत बसवितात आणि तो यूएसबी तारेने संगणकास जोडतात. विद्यार्थ्यांच्या बहुतेक सूक्ष्मदर्शकांच्या नळीचा आतील व्यास सुमारे २३.२ मिलिमीटर असतो. कॅमेरा घेण्यापूर्वी हा व्यास मोजून पाहावा. तिसरी रीत मोठ्या प्रयोगशाळांची. त्या यंत्रास कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असते व तीवर 'सी-माउंट' या प्रमाणित आट्याचा कॅमेरा बसतो. या आट्याचा व्यास २५.४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक इंच असतो. अशा कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टी लहान असते. तिचा कर्ण ८ मिलिमीटर असेल, तर नेत्रिकेतून दिसणाऱ्या १८ मिलिमीटर व्यासाच्या प्रतिमेचा मधला थोडासाच भाग चित्रात येईल. यासाठी प्रतिमा निम्मी करणारे ०.५ पट भिंग मध्ये घालतात. ते घेण्यास विसरले, म्हणजे चित्र नको तितके मोठे व अरुंद दिसते आणि दोष विनाकारण कॅमेऱ्यास दिला जातो.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम बहुधा पहिल्या रीतीने भागते. तीत एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. नेत्रिकेतून बाहेर पडणारे किरण तिच्या थोडे वर एका लहान वर्तुळात एकत्र येतात व तेथून पुन्हा पसरतात. दिवा लावून, काचपट्टी जागेवर ठेवून, पातळ पांढऱ्या कागदाचा तुकडा नेत्रिकेवर धरावा आणि हळूहळू वर उचलावा. कागदावरील प्रकाशाचे वर्तुळ लहान होत जाते, एका उंचीवर अगदी लहान व स्वच्छ कडेचे होते आणि नंतर पुन्हा मोठे होते. ते जेथे सर्वांत लहान असते, तीच डोळा ठेवण्याची जागा; फोनचे भिंगही नेमके तेथेच यावे लागते. भिंग त्याहून वर किंवा खाली राहिले, तर चित्राच्या कडा काळ्या पडतात व मध्ये एक गोल खिडकी तेवढी उरते. बाजूला सरकले, तर अर्धचंद्र दिसतो. ही उंची एकदा सापडली, की तितक्याच जाडीची पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिक नळीची चकती कापून नेत्रिकेभोवती बसवावी. बाजारात फोन धरण्याचे चिमटे मिळतात. तेही हेच काम करतात. हातात धरलेल्या फोनने एखादे चित्र साधते, परंतु दहा चित्रे सारखी येत नाहीत.

फोनला दोन-तीन भिंगे असल्यास मुख्य भिंगाचाच उपयोग करावा. फोनमधील चित्र मोठे करण्याची सोय थोडी वापरल्यास काळी कड बाहेर जाते, एवढाच तिचा लाभ. तिने नवा तपशील निर्माण होत नाही. तपशील ठरतो तो पदार्थभिंगाच्या गुणावर. ४० पटीच्या सामान्य पदार्थभिंगावर ०.६५ असा आकडा कोरलेला असतो. अशा भिंगातून हिरव्या प्रकाशात सुमारे अर्ध्या मायक्रॉनहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) मग कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा असो वा ५० चा, त्यात फरक पडत नाही. विक्रेते मेगापिक्सेलचा आकडा मोठ्याने सांगतात, त्यावर फार विसंबू नये.

चित्र घेताना प्रथम डोळ्याने प्रतिमा स्पष्ट करावी, नंतर फोन बसवावा आणि पडद्याकडे पाहत सूक्ष्म फिरकीने ती पुन्हा किंचित जुळवावी. पडद्यावर बोट दाबून धरले असता बहुतेक फोनांत स्पष्टता व प्रकाश एका जागी स्थिर होतात. असे न केल्यास प्रत्येक चित्राचा उजेड निराळा येतो. बोटाच्या धक्क्याने चित्र हलते, म्हणून दोन-तीन सेकंदांनी आपोआप चित्र घेण्याची सोय वापरावी. मंचाखालील पडदा थोडा मिटला असता रंगहीन बुरशीच्या कडा उठून दिसतात. तो फार मिटू नये. मिटल्यास प्रत्येक कडेभोवती दुहेरी रेघा उमटतात आणि त्या पेशीच्या भिंती आहेत असा भास होतो.

आता नमुन्याविषयी. करप्याचा संशय असल्यास ताज्या, पूर्ण न वाळलेल्या ठिपक्यांचे पान घ्यावे. पानाचे तुकडे डबीत ओल्या टिपकागदावर ठेवून झाकण लावावे व एक रात्र राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी ठिपक्याच्या मध्यभागी राखी लव आली असल्यास पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा तीवर हलकेच दाबून काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबावर चिकटवावा. ४० पटीच्या भिंगाखाली करप्याचे बीजाणू पेरूच्या आकाराचे, एका टोकास निमुळते दिसतात. त्यांस दोन आडव्या भिंती, म्हणजे तीन कप्पे असतात आणि लांबी सुमारे २० मायक्रॉन असते. तपकिरी ठिपक्यांच्या बुरशीचे बीजाणू याहून कितीतरी मोठे, बहुधा शंभर मायक्रॉनच्या आसपास, तपकिरी, किंचित वाकलेले व अनेक आडव्या भिंतींचे असतात. दोन्ही एकदा शेजारी पाहिले, की पुन्हा सहसा गफलत होत नाही.

कडा करप्यात बीजाणू नसतात. तेथे पानाच्या रोगट व हिरव्या भागांच्या सीमेवरून पाच मिलिमीटरचा तुकडा धारदार पात्याने कापून स्वच्छ पाण्याच्या थेंबात ठेवावा, आच्छादन काच घालावी आणि १० पटीच्या भिंगाखाली कापलेल्या कडेकडे पाहावे. रोग जिवाणूंचा असल्यास काही मिनिटांत शिरांच्या तोंडांतून धुरासारखा गढूळ प्रवाह पाण्यात उतरताना दिसतो. स्थिर चित्रात हा प्रवाह नुसता डाग वाटतो. म्हणून येथे अर्ध्या मिनिटाचे चलच्चित्र घ्यावे. याच कारणाने कॅमेऱ्याचे मोल येथे सर्वांत अधिक आहे, कारण धूर वाहिला होता ही गोष्ट आकृतीने दुसऱ्यास पटवून देता येत नाही. शेजारीच निरोगी पानाचा तुकडा तसाच ठेवून त्याचेही चित्रण करावे. कापलेल्या पेशींतील रस थोडा बाहेर येतच असतो. तुलना नसेल तर त्यासही जिवाणू समजले जाईल.

चित्रास माप नसेल, तर तज्ज्ञ त्यावर बोलू शकत नाही. '४०० पट' असे लिहिल्याने भागत नाही, कारण फोनच्या पडद्यावर ते चित्र एका आकाराचे असते, संगणकावर दुसऱ्या. यासाठी मापाची काचपट्टी मिळते. तीवर एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा. प्रत्येक पदार्थभिंगाखाली, फोनची मांडणी न बदलता, या पट्टीचे एक चित्र घेऊन ठेवावे. समजा, दहा भाग, म्हणजे १०० मायक्रॉन, चित्रात ४०० बिंदूंत मावले. तर एक बिंदू पाव मायक्रॉनचा झाला आणि ८० बिंदूंचा बीजाणू २० मायक्रॉनचा ठरला. चित्र मोठे करण्याची सोय मध्येच बदलली, की हा हिशेब मोडतो. मापाची पट्टी नसल्यास ४ पटीच्या भिंगाखाली पारदर्शक फूटपट्टी ठेवून दृष्टिक्षेत्राचा व्यास पाहावा. तो साडेचार मिलिमीटर भरला, तर ४० पटीच्या भिंगाखाली तो त्याच्या दहाव्या हिश्शाइतका, सुमारे ०.४५ मिलिमीटर असतो. हे माप स्थूल असले तरी २० मायक्रॉन व १०० मायक्रॉन यांतील फरक सांगण्यास पुरते.

ज्या गावात यंत्रच नाही तेथे फोल्डस्कोपचा विचार करता येईल. हा घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक असून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तो चुंबकाच्या साहाय्याने फोनला जोडला जातो व सुमारे १४० पट मोठे दाखवितो. करप्याचा बीजाणू ओळखण्यास तो बहुधा पुरा पडतो. जिवाणूंच्या प्रवाहासाठी मात्र नेहमीचे यंत्र बरे.

चित्रे पाठविताना तीन चित्रांचा संच करावा: उभ्या पिकाचे, रोगट पानाचे आणि सूक्ष्मदर्शकातील. नुसते शेवटचे चित्र पाठविले, तर तो बीजाणू ठिपक्यातील आहे की मेलेल्या पानावर नंतर वाढलेल्या बुरशीचा आहे, हे कळण्यास मार्ग राहत नाही. सोबत गाव, तारीख, वाण, लावणीचा दिवस, युरियाचे हप्ते, खाचरात पाणी होते की नाही आणि कोणते भिंग वापरले, एवढे लिहावे. मावळात पुष्कळांकडे इंद्रायणी असते. आंबेमोहोर १५७ व आयआर ८ यांच्या संकरातून निर्माण झालेला हा वाण वडगाव मावळ येथील कृषि संशोधन केंद्राचा आहे. तरीही वाणाचे नाव गृहीत धरू नये, विचारून लिहावे. फोनवरील संदेशसेवेतून चित्र सरळ पाठविले असता ते आवळले जाते व बारीक तपशील पुसला जातो. म्हणून ते दस्तऐवज म्हणून पाठवावे. चित्रावर रंग चढविणे किंवा कडा गडद करणे टाळावे, आणि मूळ प्रत जपून ठेवावी.

शंका उरल्यास चित्रांवर न थांबता रोगट पाने कागदात गुंडाळून संशोधन केंद्राकडे न्यावीत. प्लास्टिकच्या पिशवीत ती वाटेतच कुजतात.

वलवणसारख्या हवेत यंत्राचीही काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यात भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बुरशी धरते आणि एकदा तिने काच कोरली की डाग जात नाहीत. काम संपल्यावर यंत्र व कॅमेरा घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. रंग बदलणारे सिलिका जेल घेतल्यास त्याचे खडे ओल शोषून घेताच रंग पालटतात. ते मंद आचेवर तापवून पूर्वीचा रंग आला की पुन्हा वापरता येतात. भिंग पुसण्यासाठी सदऱ्याची बाही वापरू नये. प्रथम रबरी फुग्याने धूळ उडवावी, मग भिंगासाठी मिळणाऱ्या मऊ कागदाने हलक्या हाताने पुसावे.