कॅमेरा घेण्याआधी...

"कोणता कॅमेरा घेऊ रे?" कॉलेजचा फेस्टिव्हल जवळ आला की होस्टेलमध्ये हा प्रश्न हमखास ऐकू येतो. मी लगेच विचारतो, "कशासाठी?" उत्तरं साधारण ठरलेली. कुणाला लग्नाच्या ऑर्डरी घेऊन मेसचं बिल भागवायचं असतं, कुणाला कर्नाळ्याचे पक्षी टिपायचे असतात, कुणाला चार लोकांनी ‘वा!’ म्हणायला हवं असतं. यातलं एकही उत्तर वाईट नाही. पण घरून चाळीस-पन्नास हजार मागवायचे असतील, तर आधी हा ‘कशासाठी’ सुटला पाहिजे. साधा कॅमेरा तर फोनमध्ये प्रत्येकाच्या खिशात आहेच!

मित्रांनो, आपल्याकडच्या लोकांनी कॅमेरा का हाती घेतला ते जरा पाहू.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक. पेशाने डॉक्टर, पण छंद छायाचित्रणाचा. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. म्हणजे छंद आणि पोटापाण्याचा धंदा, ही दोन्ही कारणं आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहेत.

तिसरं कारण, जतन करणं. मेजर रॉबर्ट गिल हे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला हाताने रंगवत होते. कामात वर्षामागून वर्षं गेली. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेल्या त्यांच्या बहुतेक नकला जळून गेल्या. पण दरम्यान गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. लेण्यांचे त्यांचे फोटो १८६४ मध्येच पुस्तकरूपाने निघाले होते, ते राहिले. एका फोटोच्या अनेक प्रती निघतात, हा त्याचा केवढा मोठा फायदा!

चौथं कारण मला सगळ्यात जवळचं वाटतं, ते म्हणजे डोळ्याला न दिसणारं पाहणं. दादासाहेब फाळके आधी फोटोग्राफर होते, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसू लागली. ‘अंकुराची वाढ’ नावाच्या या छोट्या चित्रपटामुळे त्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळायला मदत झाली. कमाई झाली, पण त्याआधी निरीक्षण झालं.

आणि प्रसिद्धी? होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थिनी. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. १९७० मध्ये त्यांनी हे काम सोडलं, पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये. नावासाठीच कॅमेरा धरला असता, तर मधली चाळीस वर्षं कशी काढली असती?

यावरून माझं मत असं झालंय की फोटोग्राफीत टिकतो तो, ज्याच्याकडे कॅमेऱ्याच्या आधी एखादा प्रश्न असतो. आपण सिव्हिलवाले हे रोज करतोच की! बीमला गेलेल्या तड्याचा फोटो काढताना शेजारी स्टीलची पट्टी ठेवतो. फोटो सुंदर येत नाही, पण तडा किती रुंद आहे हे सांगतो.

मी विचुंब्यात रूम घेऊन राहतो. एका बाजूला नवीन पनवेल, दुसरीकडे गाढी नदी. २०१३ पासून हा भाग सिडकोच्या नैना क्षेत्रात आला आणि शेताच्या जागी इमारती उभ्या राहणं आता नवलाचं उरलेलं नाही. घरमालकांच्या कपाटात लग्नाचे दोन अल्बम आहेत, पण त्यांनी विकलेल्या शेताचा एकही फोटो नाही. "तेव्हा शेताचा फोटो कोण काढतो?" असं काका म्हणतात. बरोबरच आहे. जे रोज दिसतं, त्याचा फोटो कुणी काढत नाही, आणि गेल्यावर काढता येत नाही.

म्हणून खरेदीआधी एक प्रयोग सुचवतो. नदीकाठ, एखादं झाड किंवा बांधकाम निवडा. दर रविवारी त्याच वेळी, त्याच जागेवरून, तेवढ्याच उंचीवरून फोनने फोटो घ्या. झूम वापरू नका. फोनमध्ये मॅन्युअल सेटिंग असेल, तर शटर १/२५० वरून १/१२५ वर आणा: प्रकाश दुप्पट होतो, पण हलणारी वस्तू पुसट येते. आयएसओ वाढवला की अंधारातही फोटो उजळतो, पण त्यात दाणे दिसू लागतात. प्रत्येक सोयीची किंमत असते, हे इथे चांगलं कळतं.

तीन महिने हे जमलं आणि मग फोन अपुरा वाटला, तर नेमकं काय अपुरं पडतंय ते तुम्हालाच सांगता येईल: लांबची लेन्स, की कमी उजेडातलं काम. तेव्हा घरी पैसे मागा, पटवून देता येईल. तीन रविवारांतच कंटाळा आला, तर पैसे वाचले! आणि हो, प्रत्येक फोटोच्या नावात तारीख आणि जागा लिहायला विसरू नका.