प्रोसेसर निवडण्यापूर्वी मदरबोर्डला विचारा



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शेजारचा अकरावीतला मुलगा माझ्याकडे आला. मोठ्या भावाने २०१६ साली घेतलेला संगणक आता त्याच्याकडे आला होता. तो म्हणाला, "काका, मदरबोर्ड तोच ठेवून ओव्हरक्लॉक करता येणारा प्रोसेसर घ्यायचा आहे. वापरलेला आय७-८७००के स्वस्तात मिळतोय. दोन वर्षे साठवलेले पैसे पुरतील. घेऊ का?" मी म्हटले, "आधी मदरबोर्डवर काय छापले आहे ते वाचून ये." तो वाचून आला : एच११०. तेवढ्याने त्याचे पैसे वाचले. कसे, ते पाहू.

प्रोसेसरचे काम ठोक्यांवर चालते. त्या पिढीच्या संगणकांत मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा असतो. प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. गुणक ४० असेल, तर वारंवारता ४००० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ४ गिगाहर्ट्झ. सेकंदाला चार अब्ज ठोके! कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे ही वारंवारता नेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. इंटेलच्या त्या पिढ्यांत नावाअखेर 'के' असलेल्या प्रोसेसरचाच गुणक असा वाढवता येतो.

मग नुसता 'के' पाहून खरेदी करावी का? नाही. मदरबोर्डला तीन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला : तुझ्यावर कोणत्या पिढीचा प्रोसेसर चालतो? एच११० मदरबोर्डच्या सॉकेटचे नाव एलजीए ११५१. ११५१ ही त्यातील विद्युतस्पर्शकांची संख्या. इंटेलची २०१५ सालची सहावी पिढी त्यावर चालते. बायॉस अद्ययावत केल्यास सातवीही चालते. २०१७ च्या अखेरीस आलेल्या आठव्या पिढीलाही ११५१ च स्पर्शक आहेत. पण काही स्पर्शकांची कामे बदलली आणि त्या पिढीसाठी ३०० मालिकेचा चिपसेट लागू लागला. म्हणजे ८७००के सॉकेटात नीट बसला असता, पण संगणक सुरूच झाला नसता. आकार जुळला म्हणजे जोडणी जुळली असे नव्हे.

दुसरा : तुझा चिपसेट गुणक बदलू देतो का? सहाव्या-सातव्या पिढीत इंटेलने ही सोय झेड१७० आणि झेड२७० या चिपसेटांना दिली, एच११० ला नाही. एच११० वर आय७-६७००के चालेल, पण त्याच्या नेहमीच्याच वेगाने. 'के'साठी मोजलेले जादा पैसे वाया! एएमडीच्या एएम४ सॉकेटातही हा फरक दिसतो. तेथे बहुतेक रायझन प्रोसेसरांचा गुणक मोकळा असतो. पण बी४५० चिपसेट तो बदलू देतो, ए३२० देत नाही.

तिसरा : तुला एवढा वीजप्रवाह आणि उष्णता झेपेल का? येथे पदार्थविज्ञान येते. प्रत्येक ठोक्याला प्रोसेसरमधील असंख्य सूक्ष्म धारिता भरतात व रिकाम्या होतात. त्यामुळे लागणारी शक्ती वारंवारतेच्या आणि विभवांतराच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. वारंवारता फार वाढवायची, तर विभवांतरही वाढवावे लागते.

समजा, तुमच्याकडे झेड१७० मदरबोर्ड आणि ६७००के आहे. तो ४.० गिगाहर्ट्झला व १.२० व्होल्टला ९१ वॅट घेतो असे धरू. तुम्ही त्याला ४.६ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर नेले. वारंवारता १.१५ पट झाली, विभवांतराचा वर्ग सुमारे १.२७ पट. गुणाकार सुमारे १.४६. म्हणजे शक्ती सुमारे १३२ वॅट. वेग १५ टक्के वाढला, उष्णता मात्र सुमारे ४५ टक्के!

आता १३२ ला १.३५ ने भागा. विद्युतधारा येते सुमारे ९८ अँपिअर. घरातला २००० वॅटचा गिझरही ९ अँपिअरच्या आसपासच घेतो! वीजपुरवठ्याकडून आलेले १२ व्होल्ट उतरवून ही धारा पुरवण्याचे काम सॉकेटशेजारचे छोटे भाग करतात. स्वस्त मदरबोर्डवर ते थोडे असतात व त्यांवर उष्णता पसरवणारी धातूची पट्टीही बहुधा नसते. ते फार तापले, तर संगणक स्वतःच वेग कमी करतो. मग ओव्हरक्लॉकिंगचा उपयोग काय? शिवाय ६७००के सोबत कंपनी पंखा देत नसे. त्याचा खर्चही हिशेबात धरा.

म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी सॉकेट व पिढी, मग चिपसेट, मग वीज व उष्णता, आणि शेवटी प्रोसेसरचे नाव. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने दिलेली चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आमच्या मित्राने काय केले? त्याच्या संगणकात दोन गाभ्यांचा आय३-६१०० होता. त्याने 'के' नसलेला, चार गाभ्यांचा, ६५ वॅटचा आय७-६७०० वापरलेला घेतला. उरलेल्या पैशांत एसएसडी आली. ओव्हरक्लॉकिंग न करताही संगणक चांगलाच चपळ झाला.

करून पाहा : वरचाच प्रोसेसर ४.३ गिगाहर्ट्झ आणि १.२५ व्होल्टवर चालवला, तर शक्ती किती लागेल? (उत्तर : सुमारे १०६ वॅट.) वेग किती टक्के वाढला आणि उष्णता किती, हे ताडून पाहा. मग कोणता सौदा शहाणपणाचा, ते तुमचे तुम्हीच ठरवा.