आरोग्यविचार : खिशातला जुगार

आखाजीला पत्त्यांचा डाव मांडणे ही आपल्या खान्देशातली जुनी रीत. सण सरला की डाव मोडायचा आणि शेतीच्या कामाला लागायचे. आता मात्र डाव खिशातच असतो आणि तो मोडत नाही.

गेल्या वर्षी पंचविशीतला एक तरुण माझ्याकडे तीनदा आला. छातीत जळजळ, झोप नाही, वजन उतरलेले. तिन्ही वेळा मी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. चौथ्यांदा आई सोबत आली. "पोऱ्या जेवस नही, रातभर जागस," ती म्हणाली. तिला बाहेर बसवून विचारले, तेव्हा कळले की केळीच्या पट्टीचे पैसे मोबाईलवरील रोमन योद्ध्यांच्या एका खेळात गेले होते. जगावेसे वाटत नाही, हेही त्याने सांगितले. हे मी पहिल्याच भेटीत विचारायला हवे होते.

हा खेळ चालतो कसा? पडद्यावर उभ्या पट्ट्या फिरतात. त्यांवर तलवार, शिरस्त्राण, सिंह अशी चित्रे असतात. ठरलेल्या ओळीत सारखी चित्रे आली की पैसे मिळतात. परंतु बटण दाबताच संगणकाने निकाल काढलेला असतो. पट्ट्यांचे फिरणे हा नुसता देखावा. मागच्या फेरीचा पुढच्या फेरीशी काहीही संबंध नसतो. म्हणून 'इतके हरलो, आता लागेलच' हा हिशेब खोटा.

समजा, खेळ शंभरातले ९५ रुपये परत देतो. दहा रुपयांची एक फेरी, मिनिटाला दहा फेऱ्या, म्हणजे तासाला ६००० रुपयांचा डाव आणि सरासरी ३०० रुपये तोटा. बेकायदा खेळात ९५ तरी परत मिळतील याची हमी कोण देणार?

मग माणूस थांबत का नाही? बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले की मेंदू अधिक चेकाळतो. एका चित्राने हुकलेला डावही पुन्हा खेळण्याची ओढ लावतो. दहा लावून चार मिळाले तरी वाजंत्री वाजते. प्रत्यक्षात सहा गेलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जुगाराच्या व्यसनाची नोंद आहे. कंपवाताच्या प्रामिपेक्सोलसारख्या औषधानेही काहींना हा नाद लागतो. तसे वाटल्यास डॉक्टरांना सांगावे, औषध परस्पर बंद करू नये.

घरच्यांनी काय पाहावे? लपवाछपवी, वारंवार उसनवारी, रात्रीचे जागरण, चिडचिड.

काय करावे? मारझोड व टोमणे टाळा. पैशांचा व्यवहार काही महिने विश्वासू माणसाकडे द्या. सारे कर्ज फेडून विषय संपला असे समजू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा; समुपदेशनाने फरक पडतो. मरणाचे विचार असतील तर रुग्णाला एकटे सोडू नका, कीटकनाशके कुलपात ठेवा आणि लगेच रुग्णालय गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यांना व जाहिरात करणाऱ्यांना. तेव्हा भीतीपोटी दुखणे लपवू नका.

तो तरुण आता दर महिन्याला येतो. कर्ज अजून फिटलेले नाही. झोप मात्र लागते.